न पिण्याचा माठ

आमच्या प्रयोगशाळेत दोन माठ होते. एकावर लाल ऑइलपेंटने ‘पिण्याचा’ असं लिहिलं होतं आणि दुसऱ्यावर ‘न पिण्याचा’. पहिला व्हरांड्यात तिवईवर असे. दुसरा आतल्या अंधाऱ्या खोलीत, कोपऱ्यात, ओल्या वाळूवर. दोन्हींवरची अक्षरं सरांचीच. नवीन आलेला विद्यार्थी हमखास विचारायचा, “सर, न पिण्याच्या माठात काय आहे?”

“पाणी.”

“मग पीत का नाही?”

“थे कामावर हाय.”

सर पदाने डेमॉन्स्ट्रेटर होते. वर्गावर शिकवणारे प्राध्यापक वेगळे, त्यांची नावं दारावरच्या पाट्यांवर असायची. सरांचं नाव फक्त फुटक्या काचसामानाच्या रजिस्टरात, सहीपुरतं. मी एम.एस्सी.ला आले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि ते पंचेचाळिशीचे असतील. उंच, वाळके, खिशात कायम काहीतरी खुळखुळणारं. ते राहायचे नागपूरच्या वेशीवर वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावरच्या खोलीत, आणि तिथून सायकलने यायचे. ट्रकवाले त्यांना ओळखत. कधीकधी एखादा ट्रक त्यांना सायकलीसकट फाटकाशी उतरवून जायचा आणि सर क्लीनरला हात करून, रोजच्या बसमधून उतरावं तसे आत यायचे.

त्यांचे सदरे तीन, तिन्ही गडद निळे. मुलं म्हणायची की एकच आहे. कारण विचारलं तर सांगत, “पांढरा सदरा घातला का मीच दिवा होऊन बसतो.” हे थट्टेने नव्हतं. आतल्या खोलीत त्यांचा एक दिवा होता. रस्त्यावरच्या खांबावर असतो तसला पाऱ्याचा बल्ब, त्याचं बाहेरचं भांडं काढलेलं, वनस्पती तुपाच्या मोठ्या डब्यात बसवलेला, आणि डब्याच्या एका बाजूला काळ्या काचेची खिडकी. त्या खिडकीतून बाहेर पडणारा उजेड डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. तो ज्या वस्तूवर पडतो ती वस्तू मात्र, तिच्यात तो गुण असला तर, स्वतःच उजळते. धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी जे घालतात ते निळं उजळतं. म्हणून सरांचे सदरे साध्या साबणाने धुतलेले आणि निळे.

हा उजेड येतो कुठून, हे ते कोणालाही सांगायचे. आमच्या प्रयोगशाळेचे सेवक नत्थूजी, त्यांनाही. “हे पाह्य गा नत्थू. उजेड आत शिरला का इलेक्ट्रॉन वर उडते. खाली त्याची जागा रिकामी राह्यते. वर त्याले काही करमत नाही. मंग परत खाली येते, अन् येताना जे हाती असन थे टाकून देते. टाकलेलं थेच तुले दिसून राह्यलं.”

नत्थूजी म्हणायचे, “म्हणजे माह्या जावयासारखं. नागपूरले उडते, करमत नाही, परत गावाले.”

“बरोबर. जावई किती उंच उडला होता त्याच्यावर रंग. ठेंगणी उडी, तांबडा. उंच उडी, हिरवा.”

त्या दिव्याखाली सरांनी काय काय धरलं नसेल. नोटा, खडू, डिंक, स्वतःची नखं, नत्थूजींची विडी. एकदा आतल्या खोलीत विंचू निघाला. नत्थूजी बाहेर पळाले, मी स्टुलावर चढले. सरांनी दार लावून घेतलं आणि दिवा लावला. मिनिटभराने आतून हाक आली, “या वं, या. हिरवा हाय!” विंचू खरोखरच हिरवा उजळला होता, अगदी नांगीच्या टोकापर्यंत. त्यानंतर त्यांनी तो चिमट्याने उचलून बाहेर निंबाच्या झाडाखाली नेऊन सोडला. नत्थूजींनी चप्पल उगारली होती, तिचा उपयोग झाला नाही.

विभागप्रमुखांच्या दाताची गोष्ट मात्र अशी निरुपद्रवी नव्हती. ते एकदा पाहुण्यांना घेऊन दिवा बघायला आले. पांढराशुभ्र सदरा निळा उजळला, पाहुणे हसले, प्रमुखही हसले, आणि त्यांच्या सगळ्या दातांच्या ओळीत पुढचा एकच दात काळा, जणू तिथं भोकच. खरे दात त्या दिव्याखाली उजळतात, त्या काळातले बसवलेले उजळत नसत. कोणी काही बोललं नसतं. पण सर म्हणाले, “सर, वरचा डावा तुमचा नाही जी.” ते निरीक्षण म्हणून म्हणाले. सर जे काही म्हणायचे ते निरीक्षण म्हणूनच म्हणायचे. वीस वर्षं ते डेमॉन्स्ट्रेटरच का राहिले याची लोक बरीच कारणं सांगत. मला तो दात पुरेसा वाटतो.

दुसरंही एक कारण होतं, ते म्हणजे त्यांनी कधी काही छापलंच नाही. एखादी गोष्ट तीनदा बघून झाली की ते म्हणत, “अजून एकदा पाहू.” चौथ्यांदा बघून झालं की तेच. त्यांच्याकडून शिकून गेलेल्या लोकांची नावं मासिकांत यायची आणि सर ती मासिकं आम्हाला कौतुकाने दाखवायचे.

बघण्याची त्यांची एक शिस्त होती. दिवा लावण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांनी अंधारात गप्प बसायचं. “लोणचं मुरते तसे डोळे मुरले पाह्यजे.” मला हा वेळेचा अपव्यय वाटे. मी अंधारात मनातल्या मनात भाजी आणि दळणाची यादी करत बसे. प्रतापनगरात मी दादा-वहिनीकडे राहायचे, संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे होता. डोळे मुरले की सर विचारायचे, “काय दिसते?” ‘छान’ म्हटलं की ओरडा. ‘हिरवट’ म्हटलं तरी ओरडा. रंग मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून सरांनी शिंप्याकडून दोऱ्यांचं शेडकार्ड आणलं होतं. दोऱ्याचा नंबर सांगावा लागायचा. आजही मी मॅचिंगच्या दुकानात गेले की दुकानदाराआधी मला नंबर सुचतात. याचा आयुष्यात दुसरा काही उपयोग झालेला नाही.

मला प्रबंधासाठी कोणीतरी मार्गदर्शक हवा होता. कागदोपत्री प्रमुखच होते, पण त्यांनी मला सरांच्या हवाली केलं. इतर मुलं झिंक सल्फाइडवर काम करत होती. ते हिरवं उजळतं, सगळ्यांना माहीत आहे, पास होण्यात अडचण येत नाही. सरांनी मला कॅडमियम सल्फाइड दिलं, आणि तेही भुकटीच्या रूपात नाही, पाण्यात तरंगणाऱ्या इतक्या बारीक कणांच्या रूपात की पाणी गढूळही दिसू नये. कण तळाशी बसू नयेत म्हणून त्यात एक फॉस्फेटची पावडर घालायची. ती बॉयलरचं पाणी मऊ करायला वापरतात, सरांनी ती एका ट्रकवाल्याकडून मागवली होती. मग सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू सोडायचा. वहिनी म्हणायची, “काय वं, तुह्या वेणीतूनबी वास येऊन राह्यला.” तयार झालं की फ्लास्कचं तोंड बुचाने बंद करून वर सर स्वतः लाख वितळवून लावायचे, पोस्टात पार्सलला लावतात तशी. ही त्यांची हौस होती. प्रत्येक फ्लास्कवर लाखेचं टोपडं.

मार्च संपत आला. एके दिवशी मी एकच घाणा दोन फ्लास्कमध्ये भरला. टेबलावर जागा एकाचीच होती, कारण झिंकवाल्या मुलांनी सगळीकडे आपल्या बाटल्या मांडल्या होत्या. मी सरांना न विचारता दुसरा फ्लास्क न पिण्याच्या माठात सोडला. तो माठ सरांचा नमुने थंड ठेवायचाच होता. फ्रीज प्रमुखांच्या खोलीत होता आणि त्यात त्यांचं दही असायचं.

आठवड्याने दोन्ही दिव्याखाली धरले. टेबलावरचा केशरी, पळसाच्या फुलासारखा. माठातला हिरवा.

मी म्हटलं, “सर, हा झिंकचा आला वाटतं.”

सरांनी दिवा बंद केला. “पुन्हा डोळे मुरव.”

दहा मिनिटांनी पुन्हा लावला. तसंच. त्यांनी फ्लास्क उजेडात नेला, लाख बघितली. तिच्यावर त्यांनी सळईने कोरलेली माझ्या आणि त्यांच्या नावाची आद्याक्षरं होती. फ्लास्क माझाच होता. दिवसाउजेडी तो जवळजवळ पाण्यासारखा दिसत होता आणि टेबलावरचा हळदीच्या पाण्यासारखा. एकच पदार्थ, एकाच घाण्यातला.

सर खाली वाळूवरच बसले. “डब्यातला कण शिकली का नाही तू?”

“शिकले. पाच मार्कांचा प्रश्न असतो.”

“कणाले डब्यात कोंडलं. डबा लहान केला. काय होते?”

“त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या लांब लांब होतात.”

“तो डबा कुठी असते?”

“कुठंच नाही सर. फळ्यावर असतो.”

“हा काय,” ते फ्लास्क हलवून म्हणाले. “हा दाणाच डबा हाय. थंडाव्यात दाणे वाढले नाही. डबा लहान, पायरी लांब, उडी उंच, म्हणून हिरवा. अन् टेबलावर गर्मीनं बारके दाणे विरघळले, मोठे त्याइच्यावर पोसले. डबा मोठा झाला, उडी ठेंगणी झाली. पदार्थ थोच हाय पोरी. नुसत्या आकारानं रंग बदलून राह्यला.”

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. पाच वर्षं फळ्यावरचा तो डबा मी पाठ करत आले होते. तो माझ्या हातात धरलेला आहे असं मला कोणी सांगेल हे कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी भाजी करपली, एवढंच सांगते.

पुढे आम्ही सहा फ्लास्क टेबलावर ठेवले आणि सहा माठात. एप्रिलभर बघितलं. माठातले हिरवे, टेबलावरचे केशरी. प्रमुखांना दाखवलं. ते म्हणाले, “माठातली माती उतरली असेल. लोह. अशुद्धीने रंग बदलतो.” सर म्हणाले, “लाख लावली हाय जी.” प्रमुख म्हणाले, “तुमच्या जबाबदारीवर लिहा.” प्रबंधात मी ती तीन पानं लिहिली.

आणि सरांनी, जन्मात पहिल्यांदा, एक टिपण लिहिलं. दोन पानी, इंग्रजीत, ऑफिसच्या टाइपरायटरवर दोन बोटांनी. एका मासिकाकडे पाठवायचं. लिफाफ्यावर पत्ताही घातला. वर दोन नावं होती आणि त्यात माझं पहिलं.

“सर, माझं वर का?”

“काहून म्हणजे? तू पाह्यलं ना आधी.”

“मग पाठवायचं कधी?”

“तुही परीक्षा झाली का. बाहेरचे परीक्षक येतात, तेबी पाह्यतीन. आणखी एका मानसानं पाह्यलं का झालं.”

माझ्यासाठी त्या परीक्षेत एवढं एकच नव्हतं. वडिलांनी मला दोन वर्षं दिली होती, ती संपली होती. गावाकडे एक स्थळ येऊन बसलं होतं, आणि त्या लोकांना नोकरी करणारी सून नको होती. दुसरीकडे एका नव्या कॉलेजात जागा निघाली होती, पण प्रथम श्रेणी हवी आणि निकाल जूनच्या आत हवा. प्रबंध परत आला असता तर पुढची परीक्षा हिवाळ्यात. हिवाळ्यापर्यंत माझं लग्न होऊन गेलं असतं. ज्यांना हे आज अतिशयोक्ती वाटेल त्यांनी माझ्या तीन चुलत बहिणींना विचारावं.

परीक्षा सोमवारी होती. शनिवारी सर परीक्षकांच्या उतरण्याची व्यवस्था बघायला गेले, आणि मी प्रयोगशाळा आवरायला घेतली. आवरणं हा माझा स्वभाव आहे. मला जळमटं, अर्धवट पुसलेले फळे, भांड्यांवर भांडी हे बघवत नाही. फरशी पुसली, झिंकच्या बाटल्या कपाटात टाकल्या, टेबलावर घरून आणलेला स्वच्छ टेबलक्लॉथ घातला. आणि मग कोपऱ्यातला माठ दिसला. बुडाशी शेवाळ, वर ती लाल अक्षरं. मोठ्या शहरातून येणारा परीक्षक. त्याच्यासमोर मी संशोधन काढून दाखवणार, ते एका कुंभाराच्या माठातून. मला लाज वाटली. सरांची नाही, माठाची, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

मी माठ उपसला, मागच्या व्हरांड्यात पालथा घातला, आणि सहाही फ्लास्क पुसून, लेबलं सरळ करून, टेबलावर दुसऱ्या सहांच्या शेजारी ओळीने मांडले. बारा लाखेची टोपडी, छान दिसत होती. मग खोलीला कुलूप लावून घरी गेले.

मे महिना, वर पत्रे, खिडक्या बंद. मध्ये रविवार.

सोमवारी सकाळी माठातले फ्लास्क मला थोडे पिवळट वाटले. वाटले, आणि मी टेबलक्लॉथची सुरकुती काढली. सर परीक्षकांना घेऊन अकराला आले. ते थेट दिव्याशी जाऊन उभे राहिले, कारण तोंडी परीक्षेत डेमॉन्स्ट्रेटरने बोलायचं नसतं, बटण दाबायचं असतं. फ्लास्क मी तेवढ्यातच माठातून काढून मांडले आणि मग माठ बाहेर नेला असं त्यांना वाटलं असणार.

परीक्षक भला माणूस होता. दहा मिनिटं अंधारात बसायलाही तयार झाला. मी इंग्रजीत सांगत होते, डावीकडचे केशरी दिसतील, उजवीकडचे हिरवे. सरांनी बटण दाबलं.

बाराच्या बारा केशरी.

काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं. शनिवार संध्याकाळपासून ते दाणे वाढत होते. हे कळायला दुसरा पुरावा नको होता. खरं तर हाच पुरावा होता: बंद फ्लास्क, लाख शाबूत, आत काहीही गेलेलं नाही आणि रंग बदलला. माती उतरून हिरवा झाला असता तर तो हिरवाच राहिला असता. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण त्यासाठी आधी सांगावं लागलं असतं की परीक्षेच्या आदल्या शनिवारी नमुने मी स्वतः बाहेर काढून ठेवले, कारण माठ चांगला दिसत नव्हता.

“ग्रीन कुठे आहेत?” परीक्षकांनी विचारलं.

प्रमुखांनी दिवे लावले. ते माझ्याकडे बघून हसले, त्यांच्या परीने मायेने. “अहो, असं होतं. आमच्याकडे झिंकच्या पुष्कळ बाटल्या आहेत. तेव्हा एखादी हिच्या हातात आली असेल, लेबल चुकलं असेल. हो ना गं? ती तीन पानं काढून टाकू. बाकीचं काम चांगलं आहे.”

परीक्षक म्हणाले, “मग काही प्रश्न नाही. लेबल चुकलं होतं का?”

सर दिव्याशी उभे होते. त्यांनी फ्लास्ककडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणी नव्हती. खोलीत त्या उत्तराची खरोखर उत्सुकता असलेला तो एकटाच माणूस होता.

मी म्हटलं, “हो सर. लेबल चुकलं असेल.”

मला प्रथम श्रेणी मिळाली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी माठ जागेवर आणून ठेवला आणि त्यात पाणी भरलं. महिन्याभरात मी नोकरीच्या गावी गेले. पहिल्या पगारात सरांना एक सदरा घेतला, निळा, आणि पोस्टाने पाठवला. उत्तर आलं, ‘सदरा मिळाला. उजळत नाही. आशीर्वाद.’

त्या दिवसाबद्दल मला फार वाईट वाटत राहिलं असं मी म्हणणार नाही. नोकरी, मग माझ्या पसंतीचं लग्न, मुलगी, पेपर तपासणं. मी धरून चालले होते की त्या खोलीत सगळ्यांना सगळं कळलं. प्रमुखांनी दोर टाकला, मी धरला, परीक्षकांनी डोळेझाक केली, सरांनी समजून घेतलं. मोठी माणसं असं करतात.

आठ-नऊ वर्षांनी एका उजळणी वर्गासाठी नागपूरला आले होते. तिथल्या ग्रंथालयात मासिकं चाळताना एक लेख हाती लागला. परदेशातला. कॅडमियम सल्फाइड, पाण्यात तरंगणारे कण, कण लहान की उजेड हिरव्या-निळ्याकडे, मोठा की तांबड्याकडे. फॉस्फेटसुद्धा तेच. मागच्या संदर्भांच्या यादीवरून दिसलं की आणखी दोन-तीन ठिकाणी लोक हेच करत होते. पुढे त्या कणांना मोठं नाव मिळालं, त्यांचे दिवे आणि टीव्हीचे पडदे निघाले. ते सगळ्यांना माहीत आहे.

मी लेखाची झेरॉक्स काढली आणि सरांचा पत्ता शोधत मनीषनगरला गेले. निवृत्ती जवळ आली म्हणून सरांनी तिथं दोन खोल्या बांधल्या होत्या. तेव्हा तिथं धड रस्ता नव्हता, रिक्षावाल्याने अर्ध्यातच उतरवलं. सर आणखी वाळले होते. त्यांनी मला ओळखलं, काकूंना चहा टाकायला सांगितलं, आणि लेख घेऊन दारातल्या उजेडात बसले. तासभर वाचला. मध्येच म्हणाले, “यानं बर्फात ठेवलं.”

“आपण माठात ठेवलं होतं, सर.”

“हो न.” त्यांना गंमत वाटली. त्यांचं तोंड इतकं खुललेलं मी क्वचित बघितलं होतं. जणू परदेशातल्या कोणीतरी त्यांच्या घरच्या भाजीची चव बरोबर सांगितली होती.

मला राहवलं नाही. “सर, तुम्ही ते टिपण पाठवलं का नाही? पत्ता घालून तयार होतं.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “कसा धाडू? तुह्यं नाव वर. अन् तू म्हटलं, लेबल चुकलं.”

सरांनी लेख मांडीवर ठेवला.

“उन्हाळाभर झिंकच्या बाटल्या तपासल्या मी. एकूणएक. एकीचंबी लेबल चुकलेलं नव्हतं. मंग वाटलं, आपल्याच डोळ्याइले दिसलं का तसं? मंग नवे फ्लास्क भरून माठात ठेवले. हिरवे आले. मंग झाली का नाही पंचाईत? माठातले हिरवे येतात, त मंग त्या दिवशी माठातून काढलेले केशरी कसे? थे काही समजलं नाही. दोन वर्षं पाह्यलं. मंग थ्या खोलीत स्टोअर आलं. न समजलेलं कसं धाडाचं वं?”

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. माझं म्हणणं त्यांनी खरं धरलं होतं, इतकंच. मी बघून सांगितलं असणार, असं. ज्या खोलीत सगळ्यांना कळलं असं मला वाटत होतं, तिथं एका माणसाला काहीच कळलं नव्हतं, आणि तो ते कळावं म्हणून दोन वर्षं माठात पाणी भरत राहिला होता.

“सर,” मी म्हटलं, “लेबल चुकलं नव्हतं. ते मला तेव्हाही माहीत होतं. मी शनिवारीच माठ उपसला होता. खोली चांगली दिसावी म्हणून. फ्लास्क दोन दिवस टेबलावर होते.”

काकू चहा ठेवून गेल्या. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मी मान खाली घालून बसले होते. वर्गात मुलांना फैलावर घेणारी मी, मला पुढे काय ऐकावं लागेल याची यादी मनात करत होते.

“शनिवारी किती वाजता?” सरांनी विचारलं.

“अं?”

“काढले किती वाजता?”

“सहा वाजले असतील.”

“अन् आपण पाह्यलं सोमवारी अकराले.” त्यांनी बोटांची पेरं मोजली, पुटपुटले, परत मोजली. “एक्केचाळीस तास. पत्र्याखाली.” त्यांनी खिशातून पेन्सिल काढून लेखाच्या समासात आकडा लिहिला, त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. “मंग बरोबर हाय. एवढ्यात वाढतात.”

मी म्हटलं, “सर, माझं चुकलं.”

“हो,” ते म्हणाले, आणि चहाची बशी माझ्याकडे सरकवली. “घे. थंडा होऊन राह्यला.”